पाण्याकडे पाहिल्याबद्दल दिलगिरी

बोईसर,
दि. १४ मे २०२५

श्री. दिनानाथकाका यांना,

साष्टांग नमस्कार. लहानपणापासून तुम्हाला घालत आलो, म्हणून इथेही घालतो. सवयीचा आहे, आदराचा समजू नये.

गावी, घिवलीला, सगळं ठीक. अजून पंधरा दिवस होड्या पाण्यात, मग वर ओढतील. आईने तुमच्यासाठी सुक्या कोळंबीचे सोडे काढून ठेवले होते. "काकाला नेऊन दे, त्यानंच तुला क्लबात लावला हाय," असं तिने दोनदा बजावलं. तिला अजून काही सांगितलेलं नाही. सोडे माझ्या खोलीवर आहेत आणि मीच ते खातो आहे.

फोन तुम्ही उचलत नाही. क्लबच्या ऑफिसातल्या मनीषला विचारलं की तो म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. चार दिवस चाललेली मीटिंग मी पहिल्यांदाच ऐकतो आहे. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. तसंही तुम्हाला सगळं लेखी लागतं.

काल मनीष तुमचा कागद घेऊन आला. "मी, सुजीत, दि. ८ मे रोजी सायंकाळी साडेचारच्या सुमारास, कोणासही न सांगता, स्वतःच्या खासगी कामासाठी जलतरण तलावावरील माझी जागा सोडून गेलो होतो." टायपिंग सुबक आहे. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुलीसुद्धा मारली आहे. वर तोंडी निरोप, की सही कर, प्रकरण थंड झालं की कंपनीत चिकटवतो.

काका, खोटं लिहायचंच होतं तर थोडी मेहनत घ्यायची. मी कुठेही गेलो नव्हतो. तुम्ही ठेवलेल्या खुर्चीवर, तुम्ही सांगितलेल्या दिशेला तोंड करून बसलो होतो. तुम्ही विसरला असाल, वयोमानाने होतं असं. आठवण करून देतो.

तलावाच्या दाराशी क्लबची नियमावली लावलेली होती. नियम चौथा: "तलावात एक जरी व्यक्ती असेपर्यंत जीवरक्षकाने पाण्यावरून नजर हटवू नये." खाली सही, दिनानाथ, सचिव. मार्चमध्ये तिच्यापासून वीतभर अंतरावर दुसरा कागद लागला: "महिलांच्या बॅचच्या वेळी जीवरक्षकाने तलावाकडे पाठ करून बसावे." सही तीच, शिक्काही तोच. दोन्ही कागद शेजारी शेजारी दोन महिने लटकत होते आणि अकरा जणांच्या सुशिक्षित कमिटीत एकालाही हसू आलं नाही. मला आलं होतं. मी त्या भिंतीचा फोटो काढून माकुणसारच्या स्नेहलला पाठवला होता.

ही तीच स्नेहल, जिचा नंबर मी तुम्हाला दिला होता. माझ्याबरोबर प्रशिक्षण घेतलेली, माझ्याहून चांगली पोहणारी, बायकांच्या बॅचला रोज तासभर यायला तयार असलेली. तुम्ही म्हणालात, एका तासासाठी वेगळी बाई कशाला. मी म्हटलं, मग मला बघू द्या. तेव्हा तुम्ही मला बाजूला घेतलंत, मीटिंगमधली ती छापील भाषा खाली ठेवलीत आणि घिवलीचं बोलायला लागलात.

"अरे सुज्या, तू दर्यावरचा पोर. तुला पानी बगायला कशाला लागतं? आमी कानानं वळकायचो. कोन वरडला का धावायचं, झालं!"

तुम्ही दर्यावर शेवटचे कधी गेला होता, काका? तीस वर्षं कंपनीत पंख्याखाली काढलीत, आणि मला दर्या शिकवता! बुडणारं माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो आणि तोच त्याच्याकडे नसतो. प्रशिक्षणात पहिल्या दिवशी हे शिकवतात. हे मी तुम्हाला तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं. मी "बरं काका" म्हणालो.

मग बावीस एप्रिल. मागून किंकाळी आली, मी वळलो आणि धावलो. दोन मुली एकमेकींवर पाणी उडवत होत्या. संध्याकाळी तक्रार आली आणि तुम्ही मला समोर बसवून कागद लिहून घेतलात: "बॅच सुरू असताना मी पाण्याकडे पाहिले, याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही." वाक्य तुमचं, मला इतकं चांगलं सुचत नाही. जीवरक्षकाने पाण्याकडे पाहिल्याबद्दल माफी मागायची, हे सुचायला सचिवच व्हावं लागतं. ते कमिटीपुढे मोठ्याने वाचायला लावलंत. कोणीतरी म्हणालं, "काय रे, पोटभर बघून घेतलंस ना?" आणि तुम्ही हसलात. बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. तुमचं हसणं लागलं. मग कागदावर शिक्का मारून रीतसर एक प्रत माझ्या हातात दिलीत.

आता आठ मे. तुमच्या कागदात तिचा उल्लेख "एक सभासद" असा आहे. तिचं नाव सपना. उमरोळीच्या आत्मारामभाऊंची मुलगी, वय बावीस, एमआयडीसीत लॅबमध्ये कामाला. पोहायला शिकायला लागून तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी ती खोल बाजूला गेली. बायका ओरडल्या, मी उडी मारली, तिला बाहेर काढलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. ठोका परत आला. संध्याकाळी तुम्ही क्लबच्या ग्रुपवर "आपला धाडसी जीवरक्षक" असं लिहून माझा फोटो टाकलात. शनिवारी डॉक्टर म्हणाले, मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नाही, पोरगी कितपत परत येईल सांगता येत नाही. शनिवारपासून मी "संबंधित कर्मचारी" झालो. दोन दिवसांत एवढी उतरती बढती कंपनीतही कोणाला मिळाली नसेल.

इथवर लिहून मी दोनदा उठलो. भांडी घासली. शर्ट धुतला. पुढचं लिहायचं नव्हतं.

बायका ओरडायच्या आधी मला कळलं होतं.

पाठीमागे खोल बाजूला पाण्यावर हात आपटल्याचा आवाज आला. अगदी हलका. मग तो थांबला. उथळ बाजूला गप्पा चालूच होत्या. "शंका आली" असं लिहिणार होतो, पण नाही, कळलंच. माझ्यासमोर भिंतीवर घड्याळ आहे. चार वाजून छत्तीस मिनिटं. मी वळलो नाही. मनात आलं, पुन्हा चुकलो तर? पुन्हा कमिटी, पुन्हा ते वाचून दाखवणं, पुन्हा तुमचं हसणं. सेकंदकाटा एक फेरी पूर्ण फिरला, वर आणखी थोडा. मग ओरडा झाला.

तुमचा मला मनापासून तिटकारा आहे, काका. पण तुम्हाला पाण्यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि मी माझी लाज सांभाळत बसलो. त्यामुळे स्वतःची जी किळस येते, ती तुमच्या माथी मारता येत नाही. मारून पाहिली.

आत्मारामभाऊ दवाखान्यात बाकावर बसून असतात. येईल त्याला एकच विचारतात, "तो पोरगा बगत का नवता?" तुम्ही त्यांना सांगितलंत, चहा प्यायला गेला होता. मी रोज जात होतो, पण मागच्या जिन्याने, त्यांना चुकवून. आज सकाळी पुढून गेलो. खुर्ची, दिलगिरी, ते मिनिट, सगळं सांगितलं. वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "मला सांगून काय उपेग नाय. लिवून दे जिथं द्यायचं तिथं. आनि जाताना तिला बगून जा."

मी काचेतून बघितलं. डोळे उघडे होते. नर्सने नाव घेऊन दोनदा हाक मारली. सपनाची नजर छतावरच होती.

तिथून मी पोलीस ठाण्यात गेलो. जबाब दिला. तुमच्या शिक्क्याची दिलगिरीची प्रत जोडली, भिंतीचा फोटो जोडला. भिंतीवरचे कागद तुम्ही आठ मेच्या संध्याकाळीच काढून टाकलेत, पण फोटो स्नेहलकडे होताच. मिनिटाचं सांगायला लागलो तेव्हा हवालदार म्हणाले, "हे कशाला लिवायला लावतोस? कोणी बघितलेलं नाय." मी म्हटलं, लिहा. माझं प्रमाणपत्र जाईल, बहुतेक आणखीही काही होईल. आईला मी स्वतः सांगेन, तुम्ही तसदी घेऊ नये.

तुमचा कागद सही न करता परत पाठवतो आहे.

जबाबाखाली सही करताना हुद्दा लिहायला सांगतात. "जीवरक्षक" लिहिताना माझा हात थांबला, पण लिहिलं, कारण त्या दिवशी तिथे माझं तेच काम होतं. एक-दोन दिवसांत तुम्हालाही बोलावतील. तेव्हा "सचिव" लिहा. मार्गदर्शक नको, हितचिंतक नको, गावनात्याने काका तर मुळीच नको.

आता तुमचा कोणीही नसलेला,
सुजीत