लव्हेंडरची पुडी आणि निर्दोष मांजर

लातूर,
मंगळवार, दुपार

ती. अक्का यांना,
धाकट्या भावजयीचा, म्हणजे पंचशीलाचा, मनापासून जयभीम.

पत्र बघून घाबरू नका, घरी सगळे खुशाल आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? नांदेडला ऊन फार आहे असं ऐकलं, तेव्हा गच्चीवर पापड उलटायला स्वतः जाऊ नका. (पापड झाले असतील तर येताना थोडे आणा. झाले नसतील तर राहू द्या.) फोन असताना ही बाई पत्र का लिहून राहिली, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही 'पुढं बोल, पुढं बोल' म्हणता आणि मला नेमकं तेव्हाच पुढचं आठवत नाही. शिवाय हे प्रकरण असं आहे की सांगताना माझ्या तोंडाकडे कुणी बघू नये, आणि तुम्ही हल्ली व्हिडिओ कॉलच करता. म्हणून पत्र. नानकटाईच्या पुडक्यासोबत नांदेडच्या बसने पाठवते आहे.

विषय तुमच्या आदर्शने काश्मीरच्या सहलीहून आणलेल्या त्या लव्हेंडरच्या पुडीचा आहे. पुडी माझ्या हातात देताना तुम्ही म्हणालात की पोराची हौस आहे, त्याच्या साखरपुड्याच्या ताटांत ह्याचंच काहीतरी गोड गेलं पाहिजे, आणि तुझ्या हाताला चव आहे म्हणून तुझ्याकडे देते. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हती. कारण मुलगी मी सुचवलेली. औशाची लुंबिनी मी शोधली आणि तिच्या आजीला, म्हणजे नागुबाईंना, मी राजी केलं. ह्या त्याच नागुबाई, ज्यांनी आधीचं एक स्थळ केवळ त्यांच्याकडच्या चहात साखर जास्त पडली म्हणून परत पाठवलं होतं. आता रविवारी औशाला साखरपुडा. आपल्या ताटातलं गोड त्यांच्या तोंडात गेलं आणि त्यांनी तोंड वाकडं केलं, तर पुढे काय, ह्या विचाराने मी रात्र रात्र जागले. लुंबिनी मला फार आवडते हो अक्का. ती आपल्याच घरात यावी असं मला मनापासून वाटतं.

तर पुडी उघडली. घरभर वास सुटला. तुमचे भाऊ बाहेरून आले ते दारातच चपला काढून चवड्यांवर चालायला लागले. त्यांना वाटलं, फरशी ओली आहे. शेजारच्या बसम्मा वहिनींनी खिडकीतून विचारलं की नळाला पाणी आलं का, तुमच्याकडे फरशी पुसलेली दिसते. (पाणी आलं नव्हतं. ते यायला अजून चार दिवस आहेत, पण एवढं ऐकून वहिनी हंडे घेऊन खाली जाऊन आल्या.) तुम्हीच सांगा, आपल्याकडे लव्हेंडर कुणाला माहीत आहे? फरशी पुसायच्या बाटलीवर जे जांभळं फूल असतं तेच. ते फूल खायचं असतं हे मला आदर्शने सांगितलं नसतं तर मी ते बादलीतच टाकलं असतं.

आधी थोडं करून बघावं म्हणून मी घरी खवा आटवला आणि पेढे करायला घेतले. आदर्शने चिमूटभर सांगितलं होतं. मला वाटलं, एवढ्या लांबून आणलेलं, चिमूटभर काय टाकायचं, लोक म्हणतील मामीने हात आखडला. म्हणून बडीशेप टाकतो तसं मूठभर दुधात उकळलं. पेढ्यांना पावसाळी ढगासारखा रंग आला. मी एक तोंडात टाकला आणि मला वाटलं, अंघोळ करताना तोंड उघडं राहिलं. तुमच्या भावांना दिला. त्यांनी पेपरातून मान वर न काढता 'चांगलाय' म्हटलं. मी तिथेच रडायला लागले. कारण ह्या माणसाने करपलेल्या डाळीलाही 'चांगलीय' म्हटलेलं आहे, बिनमिठाच्या पिठल्यालाही म्हटलेलं आहे. ह्यांच्या 'चांगलाय'वर मी काय विसंबायचं? एवढा खवा टाकवेना, म्हणून उरलेले पेढे डब्यात घालून फ्रिजच्या मागे ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा! गल्लीतल्या त्या मांजरानेच खाल्ले असणार. मग मला त्या मांजराची काळजी लागली. एवढा मूठभर वास पोटात गेल्यावर त्याचं काय झालं असेल? दोन दिवस ते दिसलं नाही तेव्हा मी गल्लीत बशी वाजवत फिरले. तिसऱ्या दिवशी ते बसम्मा वहिनींच्या गच्चीवर निवांत झोपलेलं दिसलं, तेव्हा कुठे मी जेवले.

पेढ्यांचा नाद सोडून मग नानकटाई करायची ठरवली. आदर्श बेंगळूरहून फोनवर म्हणाला, मामी, ओव्हनला एकशे साठ अंश लावा. आपल्याकडे कुठला ओव्हन? आपली मकसूदभाईंची भट्टी. तिथली पद्धत तुम्हाला माहीत आहेच. मैदा, पिठीसाखर, तूप घरून न्यायचं, मळून, गोळे करून त्यांच्या ट्रेमध्ये लावायचे आणि आपला ट्रे भट्टीतून बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहायचं. सगळ्यांच्या नानकटाया दिसायला सारख्या, म्हणून प्रत्येक घराची आपली खूण. कुणी काट्याने रेघा ओढतं, कुणी अंगठा दाबतं. आमची खूण म्हणजे मधोमध एक चारोळी. या वेळी पेढ्यांचा धसका घेतला होता, म्हणून पिठात काहीच घातलं नाही. फक्त चारोळीच्या जागी प्रत्येकीवर लव्हेंडरचा एकेक वाळका दाणा दाबला. दिसायला बारीक, काळपट, पण आदर्शची हौस तर राहील.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. भट्टीच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून बाहेर गेले. तो अंश विचारत होता आणि मी आपली बरोबर आहेत, बरोबर आहेत म्हणत होते. परत येईपर्यंत ट्रे भाजून बाहेर आलेले. बघते तर प्रत्येक नानकटाईवर चारोळी! लव्हेंडरचा पत्ता नाही. माझे ट्रे बदलले असं समजून मी असा आरडाओरडा केला की विचारू नका. मकसूदभाई शपथा घ्यायला लागले, रांगेतल्या बायका आपापले डबे उघडून दाखवायला लागल्या, एकीने तर भीतीने अंगठ्याची खूणही मला मोजून दाखवली. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र. आपल्या ताटातली लव्हेंडरची नानकटाई कुणा परक्याच्या घरी चहात बुडते आहे आणि औशात नागुबाई विचारताहेत की पोराच्या हौसेचं काय झालं.

शेवटी मकसूदभाईंच्या आई, सुलतानबी, मला हाताला धरून पोत्यांच्या आड घेऊन गेल्या. इकडेतिकडे बघितलं आणि कानाशी लागून म्हणाल्या, "बहन, घरात उंदीर झाले तर सांगायचं न्हाई का? आम्ही काय परक्या हाव?" मला काही कळेना. मग त्यांनी पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली. आत माझे सगळे लव्हेंडरचे दाणे! तुम्हीही एकदा ते दाणे नीट बघा अक्का. उंदराच्या लेंड्यांसारखेच दिसतात, आता मला दुसरं काही दिसतच नाही. बिचारीने चार बायकांत माझी अब्रू जाऊ नये म्हणून ट्रे भट्टीत जायच्या आधी चष्मा लावून, नखाने एकेक दाणा उचलला आणि घरातल्या चारोळ्या आणून प्रत्येकीवर आमची खूण लावली. रागवायचं कुणावर? मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. मग मकसूदभाईंची हात जोडून माफी मागितली. (त्या बायकांची राहिली आहे, जमेल तशी मागेन.) सुलतानबींना मात्र हे खायचं फूल आहे असं किती सांगितलं तरी पटलं नाही. त्या मला उंदरांचा पिंजरा देऊन मोकळ्या झाल्या. तो पिंजरा मी मुकाट्याने घरी आणला आहे.

तेव्हा अक्का, सोबत पाठवलेली नानकटाई साध्या चारोळीची आहे. रविवारच्या ताटातही हीच जाईल. खाऊन बघा आणि रागवायचं असेल तर पत्रानेच रागवा. मोठ्यांना वाकून, लहानांना जवळ घेऊन आणि आदर्शला ह्यातलं एक अक्षरही न सांगता,

तुमची,
पंचशीला

ता. क. उरलेली पुडी मी कपाटात साड्यांच्या घड्यांत ठेवली आहे. तिथे ती शोभते. कसरही लागणार नाही.

आणखी ता. क. वर मी 'आदर्शला न सांगता' लिहिलं ते खोडायला हवं होतं, पण खाडाखोड वाईट दिसते. खरं तर सांगा, म्हणूनच हे पत्र. काल नागुबाई आणि लुंबिनी ब्लाउज शिवायला टाकायला लातूरला आल्या, तशा आमच्याकडेही डोकावल्या. मी चहासोबत हीच नानकटाई पुढे केली. नागुबाईंनी नानकटाई चहात बुडवली, खाल्ली, दुसरी घेतली आणि म्हणाल्या, "ह्याला म्हणत्यात नानकटाई. न्हाई तर तुमचा पोरगा बेंगळूरहून पाठवतो ती! कोंबड्याबी तोंड लावंनात तिला." लुंबिनी लाजून लाल झाली. मग स्वयंपाकघरात माझा हात धरून म्हणाली की काकू, ते त्यात लव्हेंडर घालतात, त्या वासाने माझं डोकं उठतं, पण ते स्वतःच्या हाताने भाजून पाठवतात, म्हणून मी दर वेळी छान झालंय असं सांगते, तुम्ही बोलू नका. अक्का, मी तिला शब्द दिला आहे, तुम्ही दिलेला नाही. तेव्हा आदर्शला तुम्हीच हळूच सांगा, आणि रविवारच्या आधी सांगा. तोंडदेखलं चांगलं म्हणणाऱ्या माणसासोबत जन्म काढणं काय असतं, ते मला विचारा. एवढी वर्षं रांधून आपला एक तरी पदार्थ ह्यांना खरंच आवडला का, हे मला आजही ठाऊक नाही. निदान त्या दोघांचं तरी असं होऊ नये.

(ह्याखाली दुसऱ्या अक्षरात)

अक्का, जयभीम. ही पुडकं शिवायला सुई-दोरा आणायला आत गेली हाय, तोवर लिहितो. मांजर निर्दोष हाय. झाकण लावून डबा जागेवर ठेवणारं मांजर कुणी बघितलंय का? पेढे मीच खाल्ले, सगळे. लई चांगले होते, म्हणून चांगले म्हणालो. करपलेली डाळबी मला आवडती, त्याला मी काय करू? रविवारी आलात की ती पुडी तेवढी साड्यांतून काढायला लावा अन् पुन्हा पेढे करायला सांगा. तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर हिला खरं वाटत न्हाई.

तुमचा व्यंकटी