कोनाड्यातली पांढरी डबी

अल नस्र, दोहा
दसऱ्यानंतरचा शुक्रवार

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? आम्ही इथे खुशाल. बाहेर अजून अंगाची काहिली होते आणि घरात एसीखाली नयना शाल पांघरून बसते. सोबत खजूर पाठवतोय, शुगर सांभाळून खा (म्हणजे नयनाचा फोन आला की खाल्ले नाहीत असं सांगा).

आता एडमंटनची हकिगत. आई नवरात्राच्या तोंडावर धाकट्या लेकीच्या, नमिताच्या बाळंतपणासाठी कॅनडात गेल्या आणि चार दिवसांत ‘दसरा झाला की मी नाशिकला परत’ म्हणून हटून बसल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नमिताला आठवा महिना, नवरा देवव्रत चहासुद्धा करपवणारा. आई निघाल्या तर पोरीनं करायचं काय? पण आईंचंही चूक नव्हतं हो, नव्या घरात थंडीनं त्यांचे दात वाजत होते. तिकडे तळघरात गॅसची भट्टी असते, ती हवा तापवून खोल्याखोल्यांत सोडते. ही भट्टी जरा धडधडायची आणि गप्प बसायची. कंपनीचा माणूस उगवणार दिवाळीच्या सुमाराला. शेवटी आईंनी फर्मान काढलं, राजाभाऊंना विचारा, ते गॅसमध्ये आहेत.

दादा, मी गॅस कंपनीत कामगारांच्या बसगाड्यांची वेळापत्रकं लावतो! पण सासूबाईंनी चारचौघांत भरवसा टाकल्यावर नाही म्हणणारा जावई अजून जन्मायचाय. ऑफिसातल्या जाफरला गाठलं (तो खराखुरा इंजिनिअर). तो म्हणाला, आम्ही गॅस गार करून जहाजात भरतो, घरं तापवत नाही. खलास! मग मी व्हिडिओ कॉलवर स्वतःच्याच अकलेनं उपचार सुरू केले. देवव्रतला तळघरात उतरवून हवेची जाळी बदलायला लावली. झडपा उघडायला लावल्या, मग त्याच बंद करायला लावल्या. बिचारा कानटोपी घालून ‘बरं राजाभाऊ’ म्हणत राहिला आणि भट्टी काही ऐकेना.

एका संध्याकाळी आम्ही फोनवरून आरतीला हजर होतो. आई दोन स्वेटर आणि मफलर घालून टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या मागे कोनाड्यात घट, घटाशेजारी अखंड तेवणारी समई, आणि समईच्या बरोब्बर वर भिंतीला एक पांढरी डबी. डबीवर तापमान सत्तावीस! दादा, तो थर्मोस्टॅट. घरात ऊब किती ते बघून तोच भट्टीला चालू-बंद करतो. बसवणाऱ्या शहाण्यानं तो मोकळ्या भिंतीवर लावायचा सोडून कोनाड्यात ठोकलेला. खाली समई. डबीला वाटायचं घर तापलं, की ती भट्टी बंद करायची. देवी उबेत आणि भक्त कुडकुडताहेत! (नयना म्हणते, हे तिला आधी दिसलं. असेल.)

आता घट हलवायचा नाही, दिवा विझवायचा नाही. मी म्हटलं, देवव्रत, यल्ला, चल लाग कामाला, डबीला लावलेला आकडाच चढव, बत्तीसवर ने. भट्टी जी पेटली, आईंचा मफलर उतरवूनच थांबली. माझी कॉलर ताठ! फक्त दसऱ्याला घट हलले, दिवा शांत झाला आणि आकडा खाली आणायचं सगळेच विसरले. सकाळी बघतात तो घराचीच भट्टी. देवव्रत गंजीफ्रॉकवर, नमिता उघड्या खिडकीत. आणि आई? पदरानं घाम पुसत म्हणाल्या, आत्ता कसं नाशिकच्या वैशाखासारखं वाटतंय, आता बारसं करूनच येईन. मला इतका आनंद झाला की ऑफिसात पेढे वाटले.

प्रकृतीला जपा.

तुमचा
राजाभाऊ

ता. क. आईंच्या मते सगळा दोष बसवणाऱ्याचा. मीही तेच म्हणतो. मात्र ‘ईशान्य साधायची तर घट त्याच कोनाड्यात बसवा’ असं नाशिकहून फोनवर कोणी बजावलं होतं, ते नमितानं मला सांगितलंय. आईंच्या ते लक्षात नाही.

आणखी एक ता. क. तुम्ही रोज आईंना फोनवर ‘खिचडीवर दिवस काढतोय, कधी येतेस’ म्हणता. ते ऐकून त्या पुन्हा चुळबुळायला लागल्यात. उद्याच त्यांना सांगा, खुशाल राहा, माझं उत्तम चाललंय. (तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजाऱ्यांनी ऐकलेलं आईंपर्यंत पोचतं, म्हणून हे कागदावर.) खिचडीचा कंटाळा आला तर इकडे या, नयना वाट बघतेय. पण आईंना बोलावू नका. नाहीतर मलाही एकाएकी ईशान्य दिशा आठवायला लागेल.