हरसूलच्या चाकोरीची रुंदी

मृत्युपत्र लिहून ठेवणार : वत्सलाबाई धोंडीराम पगारे, वय वर्षे ७०, निवृत्त वकील, राहणार गंगापूर रोड, नाशिक.

या दस्ताने मला दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत. पहिली, सन १९७४ मध्ये माझ्या जीपला सहा इंची टायरच योग्य होते. दुसरी, माझा धाकटा भाऊ निवृत्ती हा टायरच्या बाबतीत आजवर एकदाही योग्य कारणाने बरोबर ठरलेला नाही. मिळकतीची वाटणी या ओघात होईलच. मृत्युपत्रात युक्तिवाद घालू नये असा संकेत आहे. तो मी जाणूनबुजून मोडते, कारण निवृत्तीला मध्येच तोडता येणार नाही असा युक्तिवाद करण्याची ही माझी पहिलीच संधी आहे.

कलम १. मी पूर्ण शुद्धीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकू शकतील अशी माणसे आता हयात नाहीत. डॉ. मोतीराम अहिरे यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी स्मरणशक्ती तपासायला ते आले तेव्हा त्यांच्या दाखल्याच्या मसुद्यातल्या दोन चुका मी त्यांना दाखवल्या. पुढची तपासणी त्यांनी अनावश्यक मानली.

कलम २. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने व्हावा. त्रिशरण-पंचशील म्हणावे आणि लोकांना घरी जाऊ द्यावे. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर निवृत्तीने भाषण करू नये. त्याला आवरणे अशक्य झाल्यास त्याने जीपचा उल्लेख टाळावा.

कलम ३. गंगापूर रोडवरील राहते घर आणि बँकेतील ठेव ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. दोन्ही मी माझी भाची लता निवृत्ती पगारे, हरसूल येथील दवाखान्यातील नर्स, हिला देते. निवृत्ती तिचा बाप आहे, एवढ्या कारणाने त्याचा या घरावर हक्क निर्माण होत नाही. घरामागच्या पेरूच्या झाडाची फांदी शेजारच्या सुलाबाईंच्या अंगणात जाते. त्या फांदीचे पेरू त्यांचे आहेत, हे मी आज प्रथमच मान्य करते. बुंधा माझा आहे.

कलम ४. कायद्याची पुस्तके वकिलांच्या ग्रंथालयाला द्यावीत. ज्या सदस्यांनी माझ्याकडून नेलेली पुस्तके परत केली नाहीत, त्यांनी हा संच पूर्ण करण्याची संधी घ्यावी. नावे मला माहीत आहेत. त्यांनाही आहेत.

कलम ५. आता जीप. देवळाली कॅम्पातल्या लष्करी लिलावात मी ती सन १९६९ मध्ये घेतली. जमिनीच्या हद्दीच्या दाव्यांत कोर्ट मला कमिशनर नेमून जागेची पाहणी करायला पाठवत असे, आणि हरसूलच्या बाजूला तेव्हा एस.टी. जिथे थांबायची तिथून पुढे खरा रस्ता सुरू व्हायचा. जीपसोबत लष्कराचेच सहा इंची टायर आले. निवृत्तीचे आग्रा रोडला जुन्या-नव्या टायरचे दुकान आहे. जीप दारात उभी राहिली त्याच दिवशी तो म्हणाला,

"अक्का, पैलवानाला सायकलची चाकं लावलीत. साडेसात इंची घाल. माझ्याकडं जोडी तयार आहे."

"कशासाठी?"

"अगं, रुंद पाय बुडत नाही. उंट बघ."

"हरसूलला वाळवंट आहे का?"

"मिलिटरीच्या मोठ्या ट्रकना बघ मग."

"माझी जीप ट्रक आहे का?"

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. तुला वकिली येते, गाडी येत नाही."

हे शेवटचे वाक्य त्याने पुढे अठरा वर्षे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात म्हटले आणि लोक प्रत्येक वेळी हसले. त्याचा समाचार मी तर्कशास्त्राच्या क्रमानेच घेते.

प्रतिज्ञा : या जीपला सहा इंची टायर योग्य. हेतू : कारण ती बैलगाडीच्या चाकोरीतून चालते. त्या भागात रस्ता म्हणजे बैलगाड्यांनी मुरुमात कापलेल्या दोन चाकोऱ्या. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते. ती अरुंद असते, म्हणून सुरीसारखी खाली जाते आणि तळाच्या कठीण मुरुमावर थांबते. सन १९७४ च्या उन्हाळ्यात एका हद्दीच्या दाव्यासाठी मी तिथे गेले असता मोजपट्टीने चाकोरी मोजली. तळाची रुंदी सात इंच, दोन्ही कडा दगडासारख्या. सहा इंची टायर त्यात सरळ उतरतो, तळाला टेकतो, आणि चिखलात कडाच त्याला सरळ धरून ठेवतात. साडेसात इंची टायर हवा भरल्यावर आठ इंच होतो. तो तळापर्यंत पोचत नाही. दोन्ही कडांवर घासत अधांतरी चालतो.

दृष्टांत निवृत्तीनेच पुरवला. त्याच वर्षी पावसाळ्यात मला खोटे पाडायला तो मित्राच्या जीपला साडेसात इंची टायर लावून हरसूलला निघाला. चाकोरीच्या कडेने टायरची बाजू फाडली. मी त्याच रस्त्याने माझ्या टायरवर, कडेला ढकललेल्या त्याच्या जीपशेजारून गेले. थांबले नाही. हे मुद्दाम केले.

घरी आल्यावर तो म्हणाला, "दगड आडवा आला, अक्का. दगडाला काय कळतं?"

नांदगावकडच्या काळ्या मातीबद्दलही तेच. ती चाकाला चिकटते, फुगते आणि मडगार्डखाली अडकून चाक थांबवते. बारीक टायरभोवती तिला फुगायला जागा उरते. सबब पहिली गोष्ट सिद्ध आहे. उंट आणि ट्रक ही उदाहरणे या रस्त्याला लागूच होत नाहीत, सबब दुसरीही सिद्ध आहे. इथपर्यंतच्या एकाही वाक्यात मी आज काही बदल करणार नाही.

कलम ६. सन १९८२ मध्ये डोळ्यांनी साथ सोडल्यावर मी गाडी चालवणे बंद केले. लता हरसूलला नोकरीला लागली होती. दवाखान्याला गाडी नव्हती. मी तिला जीप वापरायला दिली आणि एकच अट घातली : टायर सहा इंचीच राहतील. सन १९८५ च्या जूनमध्ये ती जीप घेऊन नाशिकला आली तेव्हा तिच्या चारही चाकांना साडेसात इंची टायर होते. कोणाच्या दुकानातले, हे विचारावे लागले नाही.

"आत्या, सहा इंचीवर गाडी रुतते," ती म्हणाली.

"किती वेळा रुतली?"

"मोजलं नाही."

"मोजलं नाहीस म्हणजे तुझ्याकडे पुरावा नाही. तक्रार आहे."

"माझ्याकडे पेशंट असतात, आत्या. साक्षीदार नसतात."

"अट काय होती?"

"तुम्ही एकदा येऊन बघा ना रस्ता."

"मी तो मोजलेला आहे."

मी किल्ली मागितली. तिने टेबलावर ठेवली. परत जाताना ती एस.टी.ने गेली. त्या आठवड्यात निवृत्ती दारात उभा राहून ओरडला, "पोरीवर कसला राग काढतेस? माझ्यावर काढ!" मी त्याला सांगितले की, हा राग नसून करारभंगाचा परिणाम आहे. त्याचे रुंद टायर मी काढून त्याच्या दुकानात पाठवले आणि जुने परत बसवून घेतले. जीप दोन पावसाळे माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली.

कलम ७. हे मृत्युपत्र लिहायला घेतले तेव्हा जीप लताला, सहा इंची टायरच्या अटीवर, द्यायची असे मी ठरवले होते. अट मोडल्यास जीप भंगारात विकावी, असेही लिहिले होते. निवृत्ती कोर्टात जाईल हे गृहीत धरून अटीच्या समर्थनार्थ ताजा पंचनामा जोडावा, म्हणून या एप्रिलमध्ये मी माझे जुने कारकून झुंबर साळवे यांना घेऊन हरसूलला गेले. टॅक्सीवाला खडी संपली तिथे थांबला. पुढे आम्ही चालत गेलो. मी वाकले आणि मोजपट्टी चाकोरीत धरली.

तळाची रुंदी अकरा इंच भरली. मी चष्मा पुसला आणि दुसरीकडे मोजले. तिसरीकडे झुंबररावांनी मोजले. कडा बोटाने दाबल्या, तर भुगा झाला. तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. गाडीवान गोटीराम, तिथल्याच पाड्यावरचा.

"मोजता काय बाई? रस्ता इकत घेता का?"

"चाकोरी मोजते."

"मोजा, मोजा. पळून नाय जात ती."

त्याच्या गाडीला लाकडी चाके नव्हती. रबरी टायर होते, रुंद, झिजलेले, मोटारीचे.

"लोखंडी धावेच्या गाड्या कुठे गेल्या?" मी विचारले.

"आता कुठं राहिल्या! चार-पाच वरसं झाली, समद्या रबरावर आल्या. बैलाला हलकं पडतं."

"पावसाळ्यात इथून जीप जाते?"

"जायची. लताबाईची यायची, दवाखान्याची. मोठ्या टायराची केली तवा लय झ्याक चालली." त्याने बैल थांबवले. "मंग ती कोन्या वकीलबाईनं वढून नेली म्हनं. मागल्या श्रावणात माझ्या बायकोला, ठमाबाईला, बाळंतपणात अडली तवा याच गाडीत घातली. बैलं ती, किती पळतील? ती वाचली. पोर नाय वाचलं."

"का नेली जीप?"

"टायरावरून, बाई. टायरावरून! मोठ्या लोकांचं काय सांगावं."

झुंबरराव माझ्याकडे बघत होते. मी मोजपट्टी गुंडाळली. माझे नाव मी गोटीरामला सांगितले नाही.

कलम ८. वस्तुस्थिती अशी. लोखंडी धाव चाकोरी कापते; रबरी चाक ती मळते. भरलेल्या गाड्यांचे रबरी टायर मुरुमाचा भुगा करतात आणि पावसात त्या भुग्याचा खोल रबडा होतो. अकरा इंचांच्या चाकोरीत सहा इंची टायरला धरायला कड नाही, टेकायला तळ नाही. तो भोवऱ्यासारखा इकडेतिकडे घसरतो, मग खाली जातो, आणि जीपचे पोट दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकते. साडेसात इंची टायर उंचीलाही मोठा असतो, म्हणून तो ते पोट उंचवट्याच्या वर ठेवतो. लताने "रुतते" हा जो एक शब्द वापरला होता, त्यात हे सगळे होते. जीप असती तर ठमाबाईचे मूल वाचले असते, हे मी सिद्ध करू शकत नाही. वाचले नसते, हेही सिद्ध करू शकत नाही. कोर्टात असा प्रश्न आला असता तर मी संशयाचा फायदा मागितला असता. येथे तो मी मागत नाही.

हरसूलहून परतल्यावर मी निवृत्तीच्या दुकानात गेले.

"साडेसात इंची चार दे. नवे."

त्याने हातातले काम सोडले. "पटलं ना अक्का शेवटी? उंट..."

"तुझा निष्कर्ष आज बरोबर आहे. तुझी कारणं अजूनही चूक आहेत. उंटाचं नाव काढलंस तर दुसऱ्या दुकानातून घेईन."

"अठरा वर्षं बरोबर होतो मी!"

"चार-पाच वर्षं. तीही बैलगाड्यांमुळे. पावती दे."

त्याने पावती दिली. सूट देऊ केली, ती मी घेतली नाही.

कलम ९. लता मागच्या रविवारी आली. मी किल्ली टेबलावर ठेवली, ती जिथे दोन वर्षांपूर्वी तिने ठेवली होती तिथेच. ती शेडमध्ये जाऊन टायर बघून आली.

"आता अट काय, आत्या?"

"अट नाही."

"लेखी देता?"

निवृत्तीच्या घरात ही मुलगी वाढली, तरी माझ्याकडून काहीतरी शिकली. लेखी ते हे : जीप विनाअट तिची आहे. ती तिच्या नावावर करण्याचा अर्ज आर.टी.ओ.कडे दिला आहे आणि जीप हरसूलला पोचली आहे. पाऊस माझ्या मृत्यूसाठी थांबणार नाही, म्हणून जीपची वाटणी मी या मृत्युपत्रावर सोडलेली नाही. पुढे तो रस्ता पुन्हा बदलेल. टायर कोणते घालायचे ते तेव्हाचा रस्ता बघून लताने ठरवावे. माझा दाखला देऊ नये.

कलम १०. निवृत्तीला मी पुढील वस्तू देते. एक, जीपचे जुने सहा इंची टायर, नग चार. ते त्याने दुकानात दर्शनी भागी टांगावेत आणि गिऱ्हाईकाने विचारल्यास सन १९७४ ची हकीकत खरी सांगावी. दोन, माझी पितळी डबीतली मोजपट्टी. त्याने आयुष्यात काहीच मोजले नाही आणि मी एकदा मोजून त्यावर तेरा वर्षे विसंबले. ती आता दोघांपैकी त्यालाच उपयोगी पडू शकेल. याखेरीज त्याला काही नाही.

कलम ११. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी झुंबर साळवे यांना नेमते. माझ्या मृत्यूनंतर इतर कोणतेही काम करण्यापूर्वी त्यांनी हरसूलजवळच्या पाड्यावर जाऊन गोटीराम आणि ठमाबाई यांना कलम सहा, सात, आठ आणि शेवटची कबुली मोठ्याने वाचून दाखवावी. ती वकीलबाई कोण, हे नावानिशी सांगावे. ते जे बोलतील ते ऐकून घ्यावे. उत्तर देऊ नये.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते. वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, दोन वेळा वाचला आणि खालील साक्षीदारांच्या समक्ष सही केली. त्यांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या.

वत्सलाबाई धोंडीराम पगारे (सही)

साक्षीदार :
१. डॉ. मोतीराम अहिरे, नाशिक (सही)
२. विमलाबाई कारभारी गांगुर्डे, निवृत्त शिक्षिका, नाशिक (सही)

ठिकाण : नाशिक. दिनांक : ९ मे १९८७.

कबुली. सन १९७४ मध्ये मोजलेली चाकोरी मी सन १९८५ मध्ये पुन्हा न मोजता पुरावा म्हणून वापरली, समोरच्या मुलीने रस्ता बघायला बोलावले असता गेले नाही, आणि त्या शिळ्या पुराव्यावर जीप काढून घेतली. या चुकीत निवृत्तीचा वाटा नाही. ती संपूर्णपणे माझी आहे.

वत्सलाबाई धोंडीराम पगारे (सही)