पहिल्या पाचात

६ मे

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्राला उशीर झाला, कारण उपांत्य सामना हरल्यापासून आमच्या क्लबात बाजार भरलाय. मोसम संपला की खरा खेळ ऑफिसात सुरू होतो: कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं. मॅनेजरने आमच्या कप्तानीणबाई दुसऱ्या क्लबाला देऊन टाकल्या. बास्केटखालची जागा रिकामी झाली, आणि बाहेरून कुणी आणू म्हटलं की तो हात वर करतो.

म्हणजे बाकावरच्या पोरींकडे बघणं आलं. एकीचा नेम असा की डोळे मिटूनही चेंडू आत टाकते, पण टाकल्यावर परत धावायचं विसरते. दुसरी धावते भरपूर, चेंडू अंगावर आला की मात्र बाजूला होते. तिसरी तुझी लेक, आपली शिडी. दोन वर्षं मी तिला सामना हातचा गेल्यावरच उतरवलं. प्रशिक्षकच मावशी, मग काय, असं कुणी म्हणायला नको म्हणून इतरांपेक्षा जास्तच रडवलं. आता तिच्याइतकं तयार कुणी नाही. पुढच्या मोसमात ती पहिल्या पाचात.

परवा सरावात मात्र ती मध्येच कोपऱ्यात जाऊन बसली. लेस सुटली म्हणाली, पण चेहरा पांढराफटक होता. सुट्टीला घरी येते आहे, तर नीट जेवते का बघ. बाकी ठीक. लोभ आहेच, तो तसाच असू दे.

तुझी,
ताई

१९ मे

ति. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना वाचलं. त्या बाईंना दुसऱ्याच कुणाचा चष्मा चढवला आणि छान दिसतोय म्हणून सांगितलं. पहिल्या पाचात! शिडीचा उपयोग आजवर घरातले बल्ब बदलण्यापुरता होता. बातमी कळल्यापासून ती आरशासमोरून हलत नाही.

पण ताई, लेस म्हणालीस ना, ते वाक्य मी दोनदा वाचलं. घरीही ती जिन्यात मध्येच बसते. विचारलं की लेस बांधत होते म्हणते. पायात तेव्हा चपला असतात.

मी रागावले तर म्हणाली, आई, तू आता ताईमावशीला काही लिहिलंस तर बघ. म्हणूनच लिहिते आहे. ती परत आली की आधी तिला डॉक्टरांकडे ने, मग काय ते खेळव. उत्तर लवकर धाड. तुझी आठवण रोज निघते.

तुझी,
धाकटी

२ जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद. हे पत्र बसून वाच, आणि दुकानात वाचू नकोस.

शिडीला दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघांचं एकच मत पडलं. तिच्या हृदयाची एक भिंत जाड आहे. चालणं, फिरणं, नोकरी, संसार सगळं जमेल. धावताना मात्र ते कधीही थांबू शकतं. घरात कुणी असं अचानक गेलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी आपल्या अण्णांचं सांगितलं, भरल्या ताटावरून उठले आणि दारापर्यंतही पोचले नाहीत. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते कागदावर लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी मी तिचं नाव संघातून काढलं. तिने माझे हात धरले. काढायचं तर काढ, पण कारण कुणाला सांगू नकोस, म्हणाली. मला नाही म्हणवलं नाही. मॅनेजरला एवढंच सांगितलं की हिला ठेवत नाही. मग तिला तुझ्याकडच्या गाडीत बसवून दिलं. तिला एकटं सोडू नकोस. मला भीती वाटते आहे, ती तुझ्यापासून लपवत नाही.

तुझी,
ताई

२० जून

ति. मावशीस,

सा. न. तुझ्यावर राग आहे, तरी हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते. नदीपलीकडच्या क्लबाने मला घेतलं. आईने बूट लपवले होते, मी नवे घेतले.

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. त्यांचे सर स्वतःच म्हणाले, तुझी मावशी फार सरळ बाई आहे, भाचीला खेळवलं असं कुणी म्हणू नये म्हणून हातचा हिरा सोडून दिला. सगळीकडे हेच बोललं जातंय. दोन वर्षं तू मला बाकावर बसवलंस, त्याचा शेवटी उपयोग झाला.

त्यांनी मला उड्या मारायला लावल्या, पळायला लावलं. मी पळाले. काही झालं नाही. मावशी, मी एकवीस वर्षांची आहे, आणि दुसऱ्यांच्या खेळाला टाळ्या वाजवून माझे हात दुखलेत. आईला सांभाळ. तुझा जीव माझ्यावर आहे, हे मला माहीत आहे.

तुझी,
शिडी

२५ जून

ताई,

नमस्कार. ती सामान घेऊन गेली. मी दारात आडवी उभी राहिले, तर मला हलकेच उचलून बाजूला ठेवलं. ताकद बघ पोरीची. तू त्या सरांना सगळं सांग. तिला दिलेला शब्द गेला खड्ड्यात. ती जन्मभर माझ्याशी बोलली नाही तरी चालेल मला.

धाकटी

८ जुलै

चि. धाकटीस,

आशीर्वाद. मी त्यांच्या क्लबात जाऊन आले. सरांनी चहा मागवला, माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग हसले. या दिवसांत प्रत्येक जण दुसऱ्याच्या खेळाडूला आजारी पाडतो, म्हणाले. भाची सोडली आणि आता पस्तावलात, बाई, पण तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी डॉक्टरांचं नाव दिलं. त्यांनी शिडीला आत बोलावलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, मला काही झालेलं नाही, मावशीला मी परत हवी आहे. डॉक्टरांकडेही गेले. ती सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय ते कुणाला काही कळवू शकत नाहीत.

माझ्या सरळपणाचा एवढा बोलबाला, आणि नेमकं खरं बोलायला गेले तेव्हा तो कामाला आला नाही. मला माझाच संताप येतो आहे.

मोसमाचा पहिला सामना आमचा त्यांच्याशीच आहे. ती त्यांच्या पहिल्या पाचात आहे. तू ये, माझ्या बाकामागे बस. प्रशिक्षकाला मिनिटभर खेळ थांबवून दोन्ही संघांना बसवता येतं, पहिल्या अर्ध्यात दोनदा, दुसऱ्यात तीनदा. ती धापा टाकताना दिसली की मी थांबवीन. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पाच वेळा मी तिला खाली बसवू शकते, धाकटे. त्यापुढे माझ्या हातात काही नाही.

तुझी,
ताई