रेवा उतारावरून मागे फिरली

९ एप्रिल
क्लिनिकमध्येच रेवाचा मेसेज. हिमाचलात त्यांच्या कॅम्पवर काल हातभर बर्फ पडलाय, आज कडक ऊन. उद्या खिंड ओलांडणार. सहा जण. लीडर समर. डिसेंबरात ज्याच्याशी हिचं लग्न आहे, तोच.
इथे कुवेतला, अबू हलीफात धुळीने समुद्र दिसेना. बर्फातलं मला काय कळणार? आमचे लेबनानी डॉक्टर तरुणपणी स्कीइंग करायचे, त्यांना विचारलं. त्यांचा चेहराच बदलला. ताज्या बर्फानंतर एकदोन दिवस थांबायचं. या दिवसांत ऊन चढलं की उतार सैल होतो, म्हणून पहाटेच, एकेकाने पार करायचा. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला की मागे फिरायचं.
सगळं लिहून पाठवलं. उत्तर : “आई, चिल. समर नोज.”

११ एप्रिल
काल दिवसभर नेटवर्क नाही. आज दुपारी फोन. रेवा खालच्या गावात आहे. खिंड ओलांडलीच नाही!
निघायलाच आठ वाजले म्हणे. उतारापाशी पोचेतो ऊन. तिथे तो आवाज आला. ही थांबली. समर म्हणाला, “कुठला आवाज? भास झाला तुला. दहा मिनिटांचा उतार आहे, चल.” ही नाही म्हणाली. मैत्रीण निशाही हिच्यासोबत फिरली. निशालाही काही ऐकू आलं नव्हतं, हिचा चेहरा बघून फिरली.
“आणि बाकीचे?”
“दे आर फाइन. ऑल फोर.”
आधी हायसं वाटलं. मग राग आला. कोणाचा, ते कळेना.
“मी लिहिलं म्हणून फिरलीस का गं?”
“नाही आई. पायच उचलेना.”

१२ एप्रिल, सुट्टी
विनय मीना अब्दुल्लाच्या प्लांटवर बावीस वर्षं सेफ्टीत. काही झालं नाही तरी ‘थोडक्यात वाचलं’ म्हणून फॉर्म भरून घेणारा माणूस. वाटलं, लेकीची बाजू घेईल. तर म्हणतो, “टीम अशी तोडायची नसते. दोघीच उतरल्या. वाटेत काही झालं असतं तर?”
हेही खरंच.
थोड्या वेळाने स्वतःच, “पण त्याने तरी त्या तिघांना का नेलं?”
आमटी करपली.

१५ एप्रिल
रेवा पुण्याला पोचली. अंगठी काढून ठेवलीय. लग्न मोडलं का, तर “आय डोन्ट नो.” समरचं एकच : झालं का काही? नाही ना?
यावर काय बोलायचं? डॉक्टर म्हणाले, कोसळला नाही म्हणजे उतार भक्कम होता असं नाही. असेल भक्कम, किंवा असेल नशीब. कधीच कळत नाही म्हणे. असल्या उत्तराचं मी काय करू?
मुलगा गुणाचा आहे. गेल्या वर्षी पुण्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा रोज डबा त्यानेच आणला.
रेवा आता म्हणते, कदाचित खरंच भास असेल.

१८ एप्रिल
समरचा फोन. थेट मला.
“काकू, तुम्ही समजवा ना तिला. घाबरली ती, एवढंच.”
माझ्या तोंडून गेलं, “तो आवाज. तू ऐकलास?”
 
“ऐकला, काकू.”
“मग?”
“सगळे माझ्याकडे बघत होते.” मग हळूच, “तिला नका सांगू, प्लीज. मी सांगेन. कधीतरी.”
मी हो म्हणाले की नाही, आठवत नाही.
खरं बोलला, हे चांगलं. माझ्याशी बोलला, तिच्याशी नाही, हे मात्र… सांगितलं तर कायमचं मोडेल. नाही सांगितलं तर माझी मुलगी स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवणं सोडेल. विनयला अजून बोललेले नाही.
संध्याकाळी रेवाचा फोन. “आई, तुला काय वाटतं? खरंच काही ऐकू आलं असेल का मला?”
मी विचारलं, “जेवलीस का?”