माझ्या अंगठ्यावरचं बिऱ्हाड

धाकटीस थोरलीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आधी ‘चिरंजीव’ लावायची रीत आहे, पण तो शब्द तू एकवीस वर्षांपूर्वीच खोटा पाडलास, तेव्हा सूनबाईला म्हटलं, नुसतं ‘धाकटी’ लिही. (सांगते मी, लिहिते ती. माझ्या मेलेल्या बहिणीला पत्र, म्हणून ती एक डोळा दाराकडे ठेवून लिहिते, तेव्हा अक्षर वाकडं. एरवीही फार सरळ नसतं असं ऐकते.) तुझी प्रकृती उत्तम असेलच, आता बिघडायला उरलंय काय! माझी विचारायची तुला गरज नाही. रोज दुपारी जेवणं आटोपली की तू माझ्या पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसतेस, गादी तुझ्या बाजूला दबते आणि तुझी नजर माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर. (दबलेली गादी सूनबाईलाही दिसते, पण ती म्हणते कापूस जुना झालाय.) तुलाही पायाची जखमच घेऊन गेली, हे मी विसरलेले नाही. पण बाई गं, इतकं टक लावून तर मांजरही दुधाकडे बघत नाही!

तर जखम तीन महिने भरत नाही. साखर आहेच, त्यात असले जंतू शिरलेत की डॉक्टरांची सगळी औषधं पचवून ढेकर देतात. सर्जन म्हणाला, मंगळवारी अंगठा काढू, नाहीतर विष वर चढून तुम्हीच जाल. मी म्हटलं, थांबा, माझी नात औषध करतेय.

नात जंतू मारायचीच औषधं शोधते. तिने स्वयंपाकघरात कापसाच्या काडीने माझी जखम पुसली आणि ते जंतू प्रयोगशाळेत नेऊन काचेच्या बशीत वाढवले. (आपण विरजण लावतो तसंच, फक्त चाखायचं नाही.) मी हट्टाने चाकाच्या खुर्चीतून बघायला गेले. तिने उबदार कपाट उघडलं आणि वास आला तो माझ्याच पायाचा. बशीवर पिवळसर साय धरलेली. माझ्या अंगठ्यावरचं बिऱ्हाड, माझ्यावाचून सुखाने नांदत होतं. इकडे माझ्या अंगठ्याला मुंग्या आल्या. कपाट बंद झालं तशा थांबल्या. नातीला बोलले नाही. शास्त्राची मुलगी ती, लगेच वहीत टिपून घ्यायची.

ती सांगत होती, “आजी, अंड्यातलं प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. त्यातला एक मणी, त्याला अमिनो आम्ल म्हणतात, तो घ्यायचा आणि त्याला तेलकट शेपूट जोडायचं. मणी जंतूला चिकटतो, शेपूट त्याच्या कातडीत घुसतं, की जंतू फुटला.” म्हणजे आपल्या धाकटीची सासू, मी म्हटलं; आधी गोड चिकटायचं, मग भोक पाडायचं. टेबलावरच्या दुसऱ्या बशीत औषधाच्या कागदी टिकल्या होत्या, आणि एकीच्या भोवतालची साय पार नाहीशी, काच लख्ख! त्याच औषधाची छोटी बाटली मी हळूच मांडीखाली सरकवली. (चोरी नव्हे. जंतू माझे, नात माझी.)

घरी येऊन दुपारी झाकण उघडलं. तू होतीसच. बाटली कलंडवणार, इतक्यात तू हसलीस. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. लहानपणी तू हसायचीस तेव्हा हमखास माझंच काहीतरी फुटलेलं असायचं. मी मुकाट्याने झाकण लावलं.

तोच नात धापा टाकत आली, बाटली नाहीशी झाल्याचं तिच्या ध्यानात आलं होतं. “लावलंस? आजी, खरं सांग!” नाही म्हटल्यावर तिने जमिनीवरच बसकण मारली. मग मोबाइलवर दोन नळ्यांचा फोटो दाखवला. एकीत रक्त तळाशी बसलेलं, वर पाणी स्वच्छ. दुसरीत तेच औषध घातलेलं, तर पाणी वरपासून खालपर्यंत लाल आणि तळाशी काही म्हणजे काही नाही.

“रक्तही फोडतं ते. जंतू कोण आणि तू कोण, त्याला अजून कळत नाही. मला दोन वर्षं दे.”

“मी देईन गं, पण अंगठा मंगळवारच्या पुढे थांबत नाही.”

“मग अंगठा देऊन टाक,” ती रडत म्हणाली, “बाकीची तू मला हवीस.”

काय करणार! काल दवाखान्याच्या कागदावर हाताचा अंगठा उमटवला. एका अंगठ्याने दुसऱ्याला घालवायला संमती दिली. भावकीत असंच चालतं.

लोभ आहेच. तो वाढवायला इतकं जवळ बसायची गरज नाही.

तुझी, अजून श्वास घेणारी,
थोरली

ता. क. सूनबाई विचारते, पत्ता काय लिहू? म्हटलं, पलंगाच्या पायथ्याशी ठेव. मी तुझ्या वाटणीची भांडी घासली म्हणून तू शाळेत गेलीस, तेव्हा निदान एवढं तरी वाच.

आणखी एक ता. क. खरं काम हे. मंगळवारी तू दवाखान्याच्या दारात असणारच, आणि रिकाम्या हाताने परतायचा तुझा स्वभाव नाही. तर तो अंगठा घे आणि नीघ. बाकीची मी नातीला कबूल झाले आहे.