डिक्कीतलं पोतं आणि पाळीवरचं वळण

प्रिय मास्तर,

आज पेपरात बातमी आली आणि दुकानात कोणीच ती मोठ्यानं वाचली नाही. आपल्या त्या मोटार कंपनीचा साहेब खुर्चीवरून गेला! आधी फर्निचर विकायचा म्हणून तू ज्याला सोफेवाला म्हणायचास, तोच. त्याच्या जागी कारखान्यात पाने-पकडी हाताळत वाढलेला इंजिनिअर बसवला म्हणे. म्हणजे तू जिंकलास. मला चिडवायला तू हवा होतास बाप्पा! तू नाहीस, म्हणून हे पत्र. बोलतो तसं लिहिलं तर लाल पेन काढशील, म्हणून जमेल तेवढं शुद्ध लिहितो.

तुझा बसायचा टायर अजून माझ्या दुकानात तिथंच आहे, चाकांच्या अलाइनमेंटच्या मशीनजवळ. शाळा सुटली की पाच वाजता तू त्यावर येऊन बसायचास. हातात चहा, मांडीवर पेपर. लाखनीच्या हायवेवर ट्रकांचा हा आवाज, आणि त्यातही आपण ओरडून भांडायचो की कंपनी गाडी विकणाऱ्यानं चालवावी की बनवणाऱ्यानं. जशी काय कंपनी आपल्याला विचारूनच साहेब नेमणार होती!

मी म्हणायचो, "लोकायले मऊ गाडी पाहिजे, सोफेवाला मऊ देऊन राहिला. तुझ्या पोटात काहून दुखते?"

"अबे, मऊ तर गादीबी असते," तू म्हणायचास. "वळणावर गादी घेऊन जाशील का?"

सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मनात खुटखुट राहायची. तू भूगोल शिकवणारा माणूस, चाळिशीत गाडी शिकलास, तीही माझ्याकडून. आणि माझ्याच दुकानात बसून मला गाडी शिकवतोस?

खरं भांडण पोत्यावरून झालं. आपल्याकडं धान निघालं की लहान गाडीच्या डिक्कीत एक पोतं टाकून ठेवतात. गाडी उडत नाही, बसून चालते म्हणतात. माझ्या बापानं जीपमध्ये टाकलं, मी माझ्या गाडीत टाकलं, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला टाकायला सांगितलं. तू एकटाच नाही म्हणायचास. "गजू, ही पुढच्या चाकावर चालणारी गाडी होय. मागं वजन टाकलं का नाक हलकं होते. सरळ रस्त्यावर बरं वाटते, वळणावर ऐकत नाही."

त्या दिवशी चार लोक बसले होते. त्यांनी तुझ्याकडं मान डोलावली आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मास्तर, तुले गाड्या वाचता येतात, चालवता नाही येत."

तू पेपराची घडी केलीस. अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेलास. मी हाक का मारली नाही रे? जीभ काय झिजली असती माझी?

आठ दिवसांनी तूच आलास. मोठा तू, लहान मी. गाडी दारात उभी करून म्हणालास, "चाल गजू, तलावाच्या पाळीवरच्या रस्त्यानं एक चक्कर मारू. एकदा पोतं टाकून, एकदा काढून. हरलो तर भर दुकानात कान धरतो."

"कामात आहो. उद्या येजो," मी म्हणालो.

मास्तर, त्या वेळी दुकानात एकही गाडी नव्हती. तुला ते दिसत होतं. तरी तू दुसऱ्या दिवशी आलास, आणि मी पुन्हा उद्या म्हणालो. त्यानंतर तू आला नाहीस. सोमवारी शाळेत प्रार्थना चालू असताना पोरांसमोर छातीला हात लावून खाली बसलास, तो उठलाच नाहीस. तुझ्या तिरडीला खांदा दिला, पण माफी नाही मागितली. ती कोणाजवळ मागू आता?

काल वहिनी तुझ्या गाडीची किल्ली घेऊन आल्या. "भाऊजी, गाडी इकून टाका. अंगणात उभी पाहवत नाही."

तुमसरला एक गिऱ्हाईक होतं, त्याला दाखवायला निघालो. निघताना सवयीनं दुकानातलं धानाचं पोतं डिक्कीत टाकलं. तुझ्याच गाडीत! पाळीवरच्या वळणाला रोजच्यासारखा वेग होता. मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी पाण्याच्या बाजूला सरकत गेली. ऐकेचना. तीस वर्षं गाडी चालवणारा मी, दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

थांबलो. पोतं उतरवून बाभळीखाली ठेवलं. मागं जाऊन त्याच वेगानं पुन्हा वळण घेतलं. मास्तर, गाडी अशी वळली, जशी काय तिला रस्ता पाठ होता.

"मानलं बाप्पा," मी मोठ्यानं म्हणालो. बाजूच्या सीटवर तुझा चष्म्याचा डबा होता, बस. मग बाभळीखाली त्या पोत्यावर बसून मी पोटभर रडलो. एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती, थांबून म्हणाली, "का झालं रे बाबू, धान भिजलं का?" काय सांगू तिला?

तुमसरला गेलोच नाही. किल्ली वहिनींच्या हातात परत दिली. म्हणालो, "इकू नका. तुमाले मी शिकवतो."

"या वयात?"

"मास्तर तरी कोणत्या वयात शिकले?"

वहिनींनी किल्ली मुठीत धरली. मग हळूच म्हणाल्या, "शेवटचे दोन दिवस एकच घोकत होते, गजूले एक चक्कर मारून आणाचं आहे. तुमी काहून नाही गेले भाऊजी?"

मी चपला घालून तिथून निघालो.

आता ऐक. आजपासून दुकानात येणाऱ्या लहान गाडीच्या डिक्कीतलं पोतं मी माझ्या हातानं उतरवीन, आणि हे कोणी शिकवलं ते नाव घेऊन सांगीन. तुझ्या टायरवर कोणाला बसू देणार नाही. आणि वहिनी ज्या दिवशी म्हणतील, चला भाऊजी, पाळीवरून एक चक्कर, त्या दिवशी दुकानात दहा गाड्या उभ्या असल्या तरी शटर ओढून त्यांच्या बाजूला जाऊन बसीन. उद्या म्हणणार नाही.

तुझ्यासमोर हरलेला,
गजू